पैठणकर पैठणात राहत नाहीत

मराठवाड्यात दोन माणसांची ओळख झाली की पहिल्या मिनिटात नाव होते, दुसऱ्यात नोकरी आणि तिसऱ्या मिनिटाला प्रश्न येतो, "बरं, तुम्ही मूळचे कुठले?" इथे "इथलाच" हे उत्तर चालत नाही. "इथले आत्ता हो. मूळचे?" असा उलट प्रश्न येतो. गुलमंडीवर जन्मलेल्या, औरंगपुऱ्यात शिकलेल्या आणि सिडकोच्या एन-सहामधल्या घराचे हप्ते फेडता फेडता टक्कल पडलेल्या माणसालाही कुठले तरी एक मूळ गाव काढून दाखवावे लागते. विचारणाऱ्याला त्या गावाशी काही देणेघेणे नसते. आडनाव ऐकल्याबरोबर त्याने मनातल्या मनात एक गणित मांडलेले असते, त्याचा त्याला ताळा करायचा असतो. जात सभ्य माणसे विचारत नाहीत. ती गाव, कुलदैवत आणि मामाचे आडनाव विचारतात.

या सगळ्या चौकशीमागे एक समजूत आहे की आडनावात माणसाचे मूळ असते. माझे मत नेमके उलटे आहे. आडनाव, निदान 'कर' लागलेले आडनाव, हा गाव सोडल्याचा दाखला आहे. पैठणात सगळेच पैठणचे. तिथे भर बाजारात "अहो पैठणकर!" अशी हाक मारली तर एक तर सगळे वळून बघतील, नाही तर कुणीच बघणार नाही. पैठणकर व्हायचे तर आधी पैठणातून निघावे लागते. नव्या गावात आधीच दोन गोविंदराव असतात, तिसरा येतो तो पैठणहून, म्हणून तो पैठणकर. म्हणजे नाव ठेवले ते नव्या गावाने, तेही स्वतःच्या सोयीसाठी, आणि बिचारे नातू-पणतू ते कुळाचा वारसा म्हणून जपतात. पैठणात राहून पैठणकर लावणारे कुणी निघतीलही. त्यांचा मुक्काम कीर्तनानिमित्त बाहेरगावीच जास्त असतो का, हे आधी पाहावे.

हा नियम माणसांपुरता नाही. लग्नाची पैठणी घ्यायची झाली की आमच्या शहरातल्या बायका पैठणचा रस्ता पन्नास किलोमीटरचा असताना तो सोडून नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची गाडी करतात, कारण मागांचा मोठा बाजार तिथे. जायकवाडीचे तर विचारूच नका. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातले गाव. हैदराबाद संस्थानाच्या काळात धरण तिथे बांधायचे घाटत होते. पुढे जागा बदलली, धरण पैठणला झाले, १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, पण बीड जिल्ह्यातून आलेले नाव पैठणला जे चिकटले ते चिकटलेच. सरकारने जलाशयाला नाथसागर असे भक्तिपूर्ण नाव दिले आहे, पण कालव्याला पाणी सुटले का हे विचारताना शेतकरी जायकवाडीच म्हणतो. तेव्हा पैठणी येवल्यात, जायकवाडी पैठणात आणि औरंगाबादकर नाशकात, असा हा सगळा हिशेब आहे.

शेवटचे मी यमकासाठी म्हटलेले नाही. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात खरोखरच औरंगाबादकर सभागृह आहे. नाशिकचे साहित्यिक कार्यक्रम तिथे होतात आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाला या नावात काही विशेष वाटत नाही. वाटण्याचे कारणही नाही. औरंगाबादकरांनी नाशकात नाव काढले हे रीतीला धरूनच झाले. औरंगाबादेत राहून ते आडनाव लावण्यात काय फायदा होता?

आता खरी पंचाईत याच औरंगाबादकरांची आहे, कारण ज्या गावावरून ते निघाले ते गावच नावानिशी निघून गेले. नावे बदलण्यात आमच्या शहराने भल्याभल्यांना मागे टाकले आहे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी या गावाच्या जागी शहर वसवले, तेव्हा ते खडकी होते. १६२६ मध्ये त्याचा मुलगा फत्तेखान याने आपल्या नावाने ते फतेहनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि ते औरंगाबाद झाले. १९८८ मध्ये मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावरच्या सभेत बाळासाहेब ठाकरे यांनी संभाजीनगर हे नाव जाहीर केले, आणि त्यानंतर पस्तीस वर्षे ठराव, अधिसूचना, याचिका, अधिसूचना मागे, पुन्हा ठराव असे होत होत २०२३ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगर यावर केंद्राची मोहोर उमटली. या वादात मी पडत नाही. या विषयावर बोलायला आमच्याकडे माणसांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई पाण्याची आहे.

काही मंडळी यातून सहीसलामत सुटली. अठराव्या शतकातले उर्दू शायर सिराज औरंगाबादी १७६३ मध्येच वारले, त्यामुळे त्यांना राजपत्र लागू होत नाही. उर्दूतला हा 'ई' म्हणजे आपला 'कर'च. फरक एवढाच की शायर तो स्वतःच्या हाताने लावतो, आपल्याला मात्र दुसरे लावतात. आंबेजोगाईकरांचेही नशीब बलवत्तर. निजामाच्या काळात गावाचे नाव मोमिनाबाद होते, तरी हे आपले आंबेजोगाईकरच राहिले, आणि पुढे गावच त्यांच्या आडनावाकडे परत आले. देवगिरीचे दौलताबाद चौदाव्या शतकात झाले, पण त्र्यंबक रघुनाथ देवगिरीकर विसाव्या शतकात राज्यसभेत जाऊन बसले. सर्वांत हुशार नगरकर. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण त्यांनी मुळातच शेवटचा भाग घेतला होता, त्यांचा काना-मात्राही हलला नाही.

औरंगाबादकरांनी आता काय लावावे? माझ्या एका स्नेह्यांनी कागद-पेन घेऊन हिशेब केला. औरंगाबादकर इंग्रजीत लिहायला १३ अक्षरे लागतात. शहराचे पूर्ण नवे नाव घेऊन पुढे 'कर' लावला तर २७ होतात. परीक्षेच्या आणि बँकेच्या अर्जांत आडनावाला जेवढे चौकोन असतात ते मोजल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावले. आमच्याकडे सिडकोत आयुष्य काढलेला एकही माणूस सिडकोकर झाला नाही, ते उगाच नाही. एन-सहाकर, हडकोकर, टीव्हीसेंटरकर, बीडबायपासकर अशी आडनावे झाली असती तर पत्ता वेगळा लिहायला लागला नसता. पण आपल्याला आता नवी आडनावे सुचत नाहीत, कारण दाखल्यावर एकदा चढलेली जुनी पुसता येत नाहीत.

वतनांच्या आडनावांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलायला लागलो तर लेख संपणार नाही आणि ओळखीही राहणार नाहीत. हैदराबाद राज्यातल्या जहागिऱ्या १९४९ मध्ये कायद्याने संपल्या. जहागीरदार मात्र चालू आहेत, आणि त्यांतले काही सोसायटीच्या पार्किंगमध्ये दीड गाडीची जागा अडवून उरलीसुरली जहागीर सांभाळतात. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. आज बुलेटवर बसलेल्या कुणालाही "काय पाटील?" म्हणून पाहा, नाही म्हणणारा भेटणार नाही. पद गेले की आडनाव होते आणि आडनाव जुने झाले की पुन्हा पद होते. उलट ज्यांना आडनावाची गरज नव्हती त्यांची आडनावे कुणाच्या लक्षात नाहीत. आपेगावच्या ज्ञानेश्वरांचे घराणे कुलकर्ण्यांचे आणि जांबच्या रामदासांचे ठोसरांचे, पण ज्ञानेश्वर कुलकर्णी आणि नारायण ठोसर अशी पत्रिका छापली तर मंडळी बँकेतल्या सहकाऱ्याची मुंज समजून आहेर घेऊन येतील.

हा घोळ आपल्याकडेच आहे असे मानण्याचे कारण नाही. इंग्रजांकडे बघा. त्यांची आडनावे इंग्रजीत असल्यामुळे आपल्याला भारदस्त वाटतात, एवढेच. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, चर्चिल म्हणजे देऊळटेकडीकर. निबंधकार चार्ल्स लॅम्ब हे सरळ सरळ कोकरे. कादंबरीकार थॉमस लव्ह पीकॉक यांना मोरे म्हणायला हरकत नाही (मोरे मंडळींची स्वतःच्या आडनावाची व्युत्पत्ती वेगळी असू शकते, मी भांडणार नाही). आणि गंमत अशी की हे कोकरे आणि मोरे दोघेही लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीला होते. कोकरे तीसएक वर्षे हिशेबाच्या खतावण्या लिहून १८२५ मध्ये निवृत्त झाले, मोरे १८१९ मध्ये लागले. या दोघांच्या कंपनीला वेसण घालायचे विधेयक त्याआधी १७८३ मध्ये पार्लमेंटात आणणारे गृहस्थ चार्ल्स जेम्स फॉक्स, म्हणजे कोल्हे. ही सारी यादी आमच्या जिल्हा परिषदेच्या नोटीस बोर्डावर लावली तर बदल्यांची यादी म्हणून लोक खिशातून चष्मे काढतील.

आमच्या भागात प्रत्यक्ष येऊन गेलेला इंग्रज म्हणजे आर्थर वेलस्ली. १८०३ च्या ऑगस्टात नगरचा किल्ला घेऊन तो औरंगाबादेवरून पुढे गेला आणि २३ सप्टेंबरला भोकरदनजवळच्या असईत शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी त्याची लढाई झाली. नागपूरकर भोसले! हे भोसले मूळचे हिंगणीचे, आणि नागपुरात बसल्यावर त्यांना नागपूरकर म्हणणारे सगळे नागपूरबाहेरचे. मुद्दा तोच. पण वेलस्लीचे प्रकरण याहून बहारीचे आहे. त्याच्या घराण्याचे आडनाव मुळात कॉली. १७२८ मध्ये एका वेस्ली नावाच्या नातलगाची इस्टेट मिळाली, तेव्हा आजोबांनी इस्टेटीबरोबर आडनावही घेतले. (आपल्याकडे दत्तक जाताना हेच करतात, फक्त होम करतात.) आर्थर जन्मला तो वेस्ली म्हणून, हिंदुस्थानात आला तोही वेस्ली म्हणून. इकडे थोरला भाऊ गव्हर्नर जनरल झाला आणि १७९८ च्या सुमारास घराण्याने जुन्या वळणाचे वेलस्ली हे लांब रूप पुन्हा धारण केले. पुढे नेपोलियनशी लढता लढता हा वेलिंग्टन झाला. कॉली, वेस्ली, वेलस्ली, वेलिंग्टन. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. चार तिकडे, चार इकडे. एवढ्या बदलांनंतर आज तो सेतू सुविधा केंद्राच्या खिडकीपाशी आला असता, तर वॉटर्लूच्या विजेत्याला 'वरील चारही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे प्रतिज्ञापत्र बाँडपेपरवर करून आणायला सांगितले असते. आणि वेलस्ली म्हणजे तरी काय? सॉमरसेट परगण्यात वेल्स गावाजवळ त्या नावाची वस्ती आहे. झरे किंवा विहिरी आणि त्यांच्यालगतचे माळरान. आपल्याकडे त्याला विहीरमाळकर म्हणून लग्नाच्या यादीत घातले असते.

पण इंग्रजी आडनावांत आमच्या शहराशी सर्वांत घट्ट नाते जडले ते वेलस्लीचे नव्हे. ते थॅकरी या आडनावाचे. मराठीत आपण ज्याला ठाकरे म्हणतो आणि इंग्रजी पाटीवर जे नऊ अक्षरांत लिहिले जाते, ते. विदर्भातले ठाकरे साधे सहा-सात अक्षरांत भागवतात. दादरचे ठाकरे मात्र एका इंग्रज कादंबरीकाराच्या स्पेलिंगने लिहितात. हे कसे झाले?

प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ चा, पनवेलचा. (१७ सप्टेंबर म्हणजे आमचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. प्रबोधनकार आमच्या मुक्तीच्या ६३ वर्षे आधी तारीख राखून जन्मले.) त्यांच्या आत्मचरित्रात घराण्याच्या आडनावांची हकिकत आहे. पूर्वज नाशिककडच्या धोडप किल्ल्याशी संबंधित म्हणून धोडपकर, पनवेलला आल्यावर पनवेलकर आणि मुलाला शाळेत घालताना वडिलांनी नाव लावले ठाकरे. तीन पिढ्यांत तीन आडनावे, आणि पहिले आमच्या नियमाप्रमाणे गाव सोडल्यावर लागलेले. पुढे इंग्रजी वाचनाचा नाद लागला, विल्यम मेकपीस थॅकरी हा लेखक आवडला आणि सहीत त्याचे स्पेलिंग आले, असे सांगतात. लेखक आवडला म्हणून माणसे त्याची पुस्तके विकत घेतात. फार आवडला तर उसनी घेऊन परत करत नाहीत. प्रबोधनकारांनी स्पेलिंगच घेतले. एवढा वाचक कुठल्याही लेखकाला मिळावा.

आता हा मूळ थॅकरी कोण? त्याला तिसऱ्या मिनिटाचा प्रश्न विचारून पाहू. साहेब, मूळचे कुठले? उत्तर आहे, कोलकाता. विल्यम मेकपीस थॅकरी १८११ मध्ये कोलकात्यात जन्मला. बाप कंपनी सरकारच्या नोकरीत, आजोबाही कंपनी सरकारच्या नोकरीत. आजोबा सिल्हेटला होते आणि जंगलातून हत्ती पकडवून कंपनीला पुरवत. त्यांना आमच्याकडचे हत्तीअंबीरे हे आडनाव शोभून दिसले असते. एक काका सेंट जॉन थॅकरी धारवाडचे कलेक्टर होते. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूर संस्थान खालसा करायला गेले आणि राणी चन्नम्माच्या फौजेकडून तिथेच मारले गेले. म्हणजे मुंबईत ठाकरे नाव दुमदुमण्याच्या कितीतरी आधी एक थॅकरी सीमाभागाच्या प्रश्नात पडले होते, फक्त भलत्या बाजूने.

आणि ते मधले नाव मेकपीस! शब्दशः घेतले तर भांडण मिटवणारा. महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढली. थॅकरींच्या घरात ती अठराव्या शतकातच बारशाला आली होती. विल्यम तंटामुक्त ठाकरे. आपण ठाकरे तेवढे घेतले आणि मधले नाव सोडून दिले, हा योगायोग समजावा.

तर स्पेलिंग कोलकात्याचे, म्हणजे परप्रांतातले. पण खोदकाम इथेच थांबत नाही. थॅकरींचे पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरचे. तिथे थॅक्रे नावाचे एक ठिकाण होते, त्यावरून हे आडनाव. म्हणजे तेही बेटे 'कर'च निघाले! नावाचे दोन तुकडे, आणि दोन्ही इंग्रजी नाहीत. ते समुद्रावरून लुटायला येऊन तिथेच राहून गेलेल्या व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतले आहेत. 'थाक' म्हणजे छपरावर शाकारायचे गवत, आणि 'व्रा' म्हणजे कोपरा. ज्या कोपऱ्यात शाकारायचे गवत उगवते ती जागा. मराठीत गवतकोपरेकर. आमच्या कन्नड-सिल्लोडकडच्या डोंगरात असा कोपरा प्रत्येक गावाला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गोठा शाकारायला माणसे तिकडेच जात, पण त्यावरून कुणी आडनाव केले नाही, कारण तिकडून कुणी लंडनला गेले नाही.

याच गवताने आणखी एक नातेवाईक जोडून दिला आहे. थॅचर म्हणजे शाकारणारा. थॅचर आणि थॅकरी एकाच गवताच्या दोन काड्या. मार्गारेट थॅचर आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या आडनावांत असे काडीचे नाते असेल, असे दोघांच्याही समर्थकांना कधी वाटले नसेल. भाषेचे अभ्यासक आणखी मागे जातात. झाकणे, आच्छादणे या अर्थाचा जो जुना धातू या शब्दांच्या मुळाशी आहे, त्याचा संस्कृतातला भाऊ म्हणजे 'स्थग्'. त्यावरून आपला स्थगित. म्हणजे ठाकऱ्यांचे स्पेलिंग आणि सरकारी स्थगिती एका कुळातल्या. १९८८ मध्ये ठाकऱ्यांनी नाव जाहीर केले आणि ते पस्तीस वर्षे कागदोपत्री स्थगित राहिले, ते का, याचा उलगडा मला तरी इथे झाला. २९ जून २०२२ रोजी ठाकरे मंत्रिमंडळाने शेवटच्या बैठकीत नामांतराचा निर्णय घेतला, पुढच्या महिन्यात नव्या सरकारने तो नव्याने घेतला, तेव्हा हे कूळ किती जागरूक आहे याचीही प्रचीती आली. विरोधक त्या सरकारला तेव्हा 'स्थगिती सरकार' म्हणतच होते. बिचाऱ्यांना व्युत्पत्ती माहीत नव्हती.

आणि यॉर्कशायरमधले ते मूळ थॅक्रे? ते आज बघायला मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात लीड्स शहराच्या पाण्यासाठी फ्यूस्टनला धरण बांधले, त्याच्या पाण्याखाली ती जागा गेली. हे वाचून मला यॉर्कशायर एकदम जवळचे वाटले. जायकवाडीच्या पाण्याखाली आमच्याकडची शंभरावर गावे गेली. ती माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत, शहराच्या कडेला, वाळूजच्या कारखान्यांत पांगली. मूळचे कुठले, असे विचारल्यावर त्यांना हात करून पाणी दाखवावे लागते. सातबारा गेला, पार गेला, मारुतीचे देऊळ मोठ्या दुष्काळात धरण आटले की तेवढे वर येते. आडनाव मात्र कोरडे राहिले. गाव बुडवता येते, आडनाव बुडत नाही, आणि या बाबतीत लीड्सची महापालिका आणि आपला पाटबंधारे विभाग सारखेच हतबल आहेत.

या आडनावाचा एकंदर प्रवास बघा. व्हायकिंगांनी ते यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर उतरवले, कंपनी सरकारच्या जहाजातून ते कोलकात्याला आले, कादंबऱ्यांच्या पुठ्ठ्यावर बसून पनवेलला पोचले, तिथून दादर, आणि दादरहून आमच्या सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर येऊन त्याने शहराला नाव दिले. आपली मुळे शोधण्याचा ज्यांना फार सोस आहे त्यांनी एवढी एक साखळी पाठ करावी. तिकडे बंगालातही हेच. ठाकूर घराणे इंग्रजी जिभेवर टागोर झाले, आणि त्यांचे ठाकूरही मूळचे नव्हेच, त्याआधी कुशारी होते म्हणतात.

माझ्या मते यात पूर्वजांचा वाटा फार थोडा आहे. आडनावाचे खरे जनक शाळेतले मास्तर. जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात रांग, पावसाने ओले झालेले रजिस्टर, टाक मोडलेला, आणि समोर मुलाचा बाप आडनाव पुटपुटतोय. मास्तरांना जे ऐकू आले ते कुळाचे नाव. घराण्याची वंशावळ भाटांनी लिहिली असेल, पण दाखला मास्तरांनीच लिहिला, आणि न्यायालयात वंशावळ चालत नाही, दाखला चालतो. कोकणातल्या आंबडवे गावचे सकपाळ शाळेत आंबडवेकर झाले आणि साताऱ्याच्या शाळेतल्या आंबेडकर नावाच्या मास्तरांनी त्या हुशार विद्यार्थ्याला स्वतःचे आडनाव दिले, असे सांगितले जाते. त्या विद्यार्थ्याने १९५० मध्ये आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय काढले, आणि १६ वर्षांच्या आंदोलनानंतर, माणसांचे जीव आणि घरे गेल्यानंतर, १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाच्या कमानीवर ते आडनाव चढले. आमच्या शहरात नाव या विषयावर विनोद करताना कुठे थांबायचे, हे ती कमान सांगते. मीही थांबतो.

वाचकांत कुणी खरोखरीचे औरंगाबादकर असतील तर त्यांना एक सांगणे आहे. शहराचे नाव बदलले म्हणून तुमचे आडनाव आपोआप बदलत नाही. ते बदलायचे तर राजपत्रासाठी वेगळा अर्ज, वेगळे शुल्क, मग आधार, पॅन, पासबुक, सातबारा, मुलांचे दाखले आणि बायकोची पुन्हा एकदा सही. असला उद्योग करू नका. नाशिकच्या वाचनालयाने सभागृहाची पाटी बदलेपर्यंत तरी थांबा.